सोन्याचा कस, श्रमाचा कस

मराठी भाषेने सराफाच्या पेढीकडून पुष्कळ उसने घेतले आहे. निखळ मनाच्या माणसाला आपण 'बावनकशी' म्हणतो. संकटाच्या वेळी माणसाची 'कसोटी' लागते, आणि जो तिला उतरत नाही तो 'हिणकस' ठरतो. कसोटी म्हणजे एक काळा, गुळगुळीत दगड. त्यावर सोने घासले की पिवळी रेघ उमटते. तिच्या रंगावरून जाणता सोनार धातूची शुद्धता सांगे, आणि शंका राहिलीच तर तेजाबाचा थेंब टाकून रेघ टिकते की फिकी पडते हे पाही.

ह्या दगडाने शेकडो वर्षे एकच प्रश्न विचारला: धातू किती शुद्ध आहे? तो कोणी खणला, कोणी घडविला, घडविणाऱ्याच्या पदरात काय पडले, हे प्रश्न त्याच्यावर कधी घासले गेलेच नाहीत. चहा, कॉफी, कापूस ह्यांसारख्या वस्तूंना न्याय्य व्यापाराचा शिक्का मिळू लागून आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला. दागिन्यांनाही तो मिळावा म्हणून जगात प्रयत्न झाले आणि काही अंशी ते फळासही आले. भारतात दर वर्षी सुमारे सातशे ते आठशे टन सोने खपते, आणि त्यातील बहुतेक सारे परदेशातून येते. तरीही आपल्याकडे ह्या प्रयत्नांची चर्चा क्वचितच होते. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे मुलीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षे पै-पैसा साठवून सोने घेतात. तेव्हा हा इतिहास आपणही जाणून घ्यावयास हवा, आणि त्याचा आरंभ दूर कोठे शोधावा लागत नाही. तो आपल्या नाशिकजवळच सापडतो.

त्र्यंबकेश्वराचा हिरा

जगातील नामांकित हिऱ्यांच्या यादीत 'नासक' नावाचा एक हिरा आहे. नासक म्हणजे नाशिक. इंग्रजांच्या जिभेवर आपल्या गावाचे जे रूप झाले, ते त्या हिऱ्याला कायमचे चिकटले. गोवळकोंड्याच्या परिसरातील खाणींत सापडलेला हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी जोडला गेला होता, असे परंपरा सांगते. पुढे तो पेशव्यांच्या ताब्यात आला. १८१७-१८च्या तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात दुसऱ्या बाजीरावाचा पाडाव झाला आणि १८१८ साली हा हिरा ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला.

त्यानंतरचा त्याचा प्रवास पाहण्याजोगा आहे. हिरा लंडनला गेला. तेथे रन्डेल अँड ब्रिज ह्या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांनी तो सुमारे ३,००० पौंडांना घेतला आणि त्याला नव्याने पैलू पाडले. १८३७ साली तो वेस्टमिन्स्टरच्या सरदार घराण्याकडे गेला व कालांतराने त्यांच्या समारंभी तलवारीच्या मुठीत बसविला गेला. १९२७ साली पॅरिसच्या मोबुसाँ ह्या जवाहिऱ्याकडे, १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनकडे, १९७७ साली लेबनॉनच्या रॉबर्ट मुवाद ह्यांच्याकडे, असा तो हातोहात फिरला. मूळचा सुमारे नव्वद कॅरेटचा हिरा विन्स्टनने पुन्हा पैलू पाडल्यावर ४३.३८ कॅरेटचा उरला.

ह्या दीडशे वर्षांत त्याच्याविषयी प्रश्न विचारले गेले नाहीत असे नाही. त्याचे वजन, तेज, पैलू आणि किंमत ह्यांची बारकाईने तपासणी झाली. तो अमेरिकेत नेला गेला तेव्हा न्यायालयात खटलाही उभा राहिला. पण तो कशाचा होता? पुराणवस्तू म्हणून ह्या हिऱ्याची जकात माफ करावी की नाही, एवढ्याचाच. दख्खनच्या मोहिमेत सापडलेल्या लुटीच्या वाटणीवरून इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षे वाद चालले होते; पण तेही वाटणीचे वाद होते. ज्या मजुराने गोवळकोंड्याच्या मातीतून तो खडा उकरून काढला, त्याचा उल्लेख कोठेच नाही. ज्यांच्याकडून तो घेतला गेला, त्यांना विचारण्याची आवश्यकता कोणास भासली नाही. दागिन्याचा इतिहास म्हणजे मालकांची वंशावळ, ही समजूत इतकी पक्की होती.

साखरेच्या वाडग्यावरील अक्षरे

वस्तूच्या मागे असलेल्या माणसाकडे बोट दाखविण्याची पहिली मोठी चळवळ दागिन्यांच्या नव्हे, साखरेच्या निमित्ताने उभी राहिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये येणारी साखर वेस्ट इंडीज बेटांवरील मळ्यांत आफ्रिकी गुलामांकडून पिकविली जात होती. १७९१ साली विल्यम फॉक्स ह्यांनी एक पत्रक काढून लोकांना ह्या साखरेचा त्याग करण्याचे आवाहन केले. लाखो लोकांनी ते मानले. पुढे १८२०च्या दशकात इंग्लंडमधील काही दुकानांत चिनी मातीची अशी वाडगी मिळू लागली, की ज्यांवर आतील साखर ईस्ट इंडियातून आलेली असून गुलामांच्या श्रमाची नव्हे, असे लिहिलेले असे. आज ज्याला आपण न्याय्य व्यापाराचा शिक्का म्हणतो, त्याचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

ह्या वाडग्यावरील अक्षरांतील सामर्थ्य आणि उणीव ही दोन्ही ध्यानात घेण्याजोगी आहेत. सामर्थ्य असे, की घरातील गृहिणीने चहात साखर घालतानाच एका दूरच्या अन्यायाविषयी निर्णय घ्यावा, असे त्या अक्षरांनी सुचविले. उणीव अशी, की हिंदुस्थानातील ऊस पिकविणाऱ्याला काय मिळते हे त्या वाडग्यावर लिहिलेले नव्हते. त्रिंबकचा किल्ला घेणारी कंपनी तीच आणि ही 'निर्दोष' साखर जेथून येई त्या मुलखावर सत्ता गाजविणारीही तीच. शिक्का जेवढे सांगतो तेवढेच आपण वाचतो. जे तो सांगत नाही, ते नाहीच असे धरून चालतो.

नाशिकचाही ह्या प्रकरणाशी अप्रत्यक्ष संबंध आला. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस ह्यांनी नाशिकच्या वेशीबाहेर शरणपूर वसविले. अरबी गलबतांतून इंग्रजी आरमाराने सोडविलेली आफ्रिकी मुले मुंबईमार्गे तेथे आणली जात आणि त्यांना अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकविले जाई. त्यांच्यापैकी काही तरुण पुढे डेव्हिड लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेत गेले. येथे शिकलेला जेकब वेनराइट हा तर १८७४ साली लिव्हिंगस्टनच्या पार्थिवासोबत लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत पोहोचला. माणसे विकत घेणारा व्यापार कोणत्या थराला जातो, हे जिवंत साक्षीदारांच्या तोंडून ऐकण्याची संधी ज्या मोजक्या भारतीय गावांना मिळाली, त्यांत आपले गाव होते.

शिक्का कोणासाठी?

सोन्यावर शिक्का मारण्याची पद्धत साखरेच्या वाडग्याहून कितीतरी जुनी आहे. इंग्लंडमध्ये पहिल्या एडवर्ड राजाने १३०० साली कायदा करून सोन्या-चांदीच्या वस्तूंची तपासणी सक्तीची केली व तपासलेल्या वस्तूवर बिबळ्याच्या मुखाची खूण उमटविण्यास सांगितले. पुढे १४७८ पासून कारागिरांनी आपल्या वस्तू लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आणून हा शिक्का घ्यावा, असे ठरले. 'हॉलमार्क' हा शब्द त्या हॉलवरून आला.

आपल्याकडे असा हॉल नव्हता. घराण्याचा सोनार हाच शिक्का होता. आजीच्या पाटल्या ज्याच्या वडिलांनी घडविल्या, त्याच्याकडेच नातीचे डूल जात. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, हा हिशेब दोघांनाही पाठ असे. विश्वास होता आणि त्याच्या पोटात संशयही होता. सोनाराविषयीच्या म्हणींत दोन्ही सापडतात. सोनाराच्या मागे आणखी एक माणूस असे, त्याचे नावही आता विस्मरणात चालले आहे: झारेकरी. सोनाराच्या भट्टीची राख आणि दुकानातला केर धुऊन त्यातून सोन्याचे कण वेचणे हा त्याचा व्यवसाय. सोन्याच्या धंद्यात एक कणही वाया जात नाही, असे म्हणतात ते ह्या झारेकऱ्यामुळे. मात्र ज्या व्यवस्थेने केरातले कण मोजले, तिने केर धुणाऱ्याचे दिवस कधी मोजले नाहीत.

स्वतंत्र भारतात सोन्याच्या शुद्धतेत शासनाने पहिला मोठा हात घातला तो १९६३ साली, आणि त्याचे कारण ग्राहकाचे हित हे नव्हते. चीनबरोबरच्या युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती, चोरटी आयात वाढली होती, आणि लोकांची सोन्याची हौस कमी करावी असे तत्कालीन अर्थमंत्री मोरारजी देसाई ह्यांना वाटत होते. जानेवारी १९६३ मध्ये सोने नियंत्रण नियम आले आणि चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे दागिने नव्याने घडविण्यास बंदी झाली. बावीस कॅरेटच्या मऊ, पिवळ्या सोन्यावर ज्यांचा हात बसला होता, त्या लाखो सोनारांचे काम एका रात्रीत थांबले. गिऱ्हाइकाला चौदा कॅरेटचा कठीण, फिकट दागिना नको होता. अनेक सोनार कुटुंबे उपासमारीच्या कडेला आली. आत्महत्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. पुढे कर्जे, मुलांच्या शिक्षणासाठी सवलती असे काही उपाय योजले गेले आणि १९६६ साली चौदा कॅरेटचे बंधन उठले. १९६८ साली आलेला सोने नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत राहिला. तो रद्द झाला तेव्हा अर्थमंत्रिपदी मधु दंडवते होते.

ह्या सत्तावीस वर्षांचा धडा साधा आहे. वरून आलेला नियम कितीही सद्हेतूने केलेला असो, ज्याच्या हातावर तो पडतो त्याला विचारल्याशिवाय तो केला की त्याचे ओझे सर्वांत दुबळ्या खांद्यावर येते. न्याय्य व्यापाराचा शिक्का सोन्यावर आणू पाहणाऱ्यांनी हा धडा विसरता कामा नये.

शुद्ध सोने आणि कारागिराचे फुप्फुस

दागिन्याचे भाग जोडण्यासाठी डाक द्यावा लागतो. पूर्वी त्यात तांबे, पितळ ह्यांचे मिश्रण असे. त्यामुळे दागिना मोडीत दिला की सोने कमी भरे आणि ग्राहकाचे नुकसान होई. ह्यावर उपाय म्हणून कॅडमियम मिसळलेल्या सोन्याचा डाक आला. कॅडमियम आचेने उडून जाते, मागे जवळजवळ शुद्ध सोनेच राहते. अशा दागिन्यांवर 'केडीएम' ही अक्षरे उमटू लागली. ती अक्षरे म्हणजे शुद्धतेची खात्री, असा ग्राहकांचा ग्रह झाला. कितीतरी घरांतील कपाटांत आजही ही अक्षरे असलेल्या बांगड्या सापडतील.

पण उडून गेलेले कॅडमियम कोठे गेले? ते फुंकणी घेऊन भट्टीजवळ वाकलेल्या कारागिराच्या श्वासात गेले. कॅडमियमचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असतो. ज्या अक्षरांनी ग्राहकाला निश्चिंत केले, त्याच अक्षरांचा अर्थ कारागिरासाठी आजार असा होता. हॉलमार्कच्या दागिन्यांत कॅडमियमचा डाक वापरण्यास भारतीय मानक ब्युरोच्या नियमांनी मनाई आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तरी केडीएमची ही कथा ह्या साऱ्या विषयाचे मर्म उघड करते. धातूचा कस आणि श्रमाचा कस हे दोन वेगळे कस आहेत. पहिला उतरला म्हणून दुसरा उतरतोच असे नाही. कधी कधी पहिल्याची किंमत दुसऱ्याने मोजलेली असते.

भारतीय मानक ब्युरोने सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क योजना सुरू केली ती एप्रिल २००० मध्ये. ती ऐच्छिक होती. जून २०२१ मध्ये ती २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली. त्यांत नाशिक जिल्हा होता. आता प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरांकांची स्वतंत्र ओळख कोरली जाते आणि १ एप्रिल २०२३ पासून तिच्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ही ओळख ब्युरोच्या मोबाइल ॲपमध्ये टाकली, की दागिना कोणत्या नोंदणीकृत सराफाने आणला, कोणत्या केंद्रात तपासला गेला आणि त्याची शुद्धता किती, हे घरबसल्या कळते. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. परंतु हा माग तपासणी केंद्र आणि सराफ ह्यांच्यापाशी थांबतो. त्याच्यामागे कारागीर आहे, आटणी करणारा आहे, परदेशातील खाण आहे. तेथपर्यंत तो जात नाही.

खाणीच्या तोंडाशी

भारतातील सोन्याची खाण म्हटली की कोलारचे नाव येते. जॉन टेलर अँड सन्स ह्या इंग्रज कंपनीने १८८० साली तेथे काम हाती घेतले. १९०२ साली शिवसमुद्रमच्या धबधब्यावरची वीज खाणीत आली. बंगळूरला ती त्यानंतर मिळाली. खाण जमिनीखाली तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेली. खाली उतरणारे कामगार बहुतांश तमिळ भाषक दलित कुटुंबांतील होते. दगडाच्या धुळीने फुप्फुसे कठीण होण्याचा सिलिकोसिस हा आजार त्यांच्या वस्त्यांना परिचित होता. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. मागे उरले ते सायनाइडमिश्रित मातीचे डोंगर आणि कामासाठी रोज आगगाडीने बंगळूरला जाणारी खाणकामगारांची मुले.

आज जगातील सुमारे पाचवा हिस्सा सोने छोट्या, हाती चालणाऱ्या खाणींतून येते. आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि आशिया ह्यांतील दीड ते दोन कोटी माणसे त्यांवर पोट भरतात. त्यांत स्त्रिया व मुलेही आहेत. कुटलेल्या दगडात पारा मिसळायचा, पाऱ्याला चिकटलेले सोने फडक्यातून पिळून गोळा करायचे आणि तो गोळा तापवून पारा उडवायचा, ही तेथील रीत. पुष्कळदा हे काम घरातल्या चुलीवर चालते. वातावरणात मानवाकडून सोडल्या जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा उगम आज हाच आहे. जपानमधील मिनामाटा गावी १९५६ साली पाऱ्याच्या विषबाधेचा भयानक प्रकार उघडकीस आला होता. त्या गावाच्या नावाने २०१३ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१७ साली तो अमलात आला. भारतानेही २०१८ साली त्यास मान्यता दिली.

कॉफीपासून सोन्यापर्यंत

न्याय्य व्यापाराच्या आधुनिक शिक्क्याची कथा एका धर्मगुरूपासून सुरू होते. फ्रान्स व्हान डर हॉफ हे डच कामगार-धर्मगुरू मेक्सिकोच्या ओहाका प्रांतात आदिवासी कॉफी उत्पादकांमध्ये राहत होते. दलालांच्या विळख्यातून सुटण्यासाठी त्या शेतकऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी आपली सहकारी संस्था उभी केली. त्यांना युरोपची भीक नको होती, आपल्या मालाचा रास्त भाव हवा होता. व्हान डर हॉफ आणि सॉलिडारिदाद ह्या डच संस्थेचे निको रोझेन ह्यांनी मिळून १९८८ साली हॉलंडमध्ये 'मॅक्स हॅवेलार' हा शिक्का आणला. किमान भावाची हमी आणि त्याहून वर गावाच्या कामासाठी थोडी अधिक रक्कम, हे त्याचे दोन पाय होते. कॉफीनंतर चहा, कोको, केळी, कापूस अशी यादी वाढत गेली.

सोन्यापर्यंत पोहोचायला मात्र वीस वर्षांहून अधिक काळ लागला. ह्या वाटेवरचे पहिले ठळक पाऊल कोलंबियातील चोको प्रांतात पडले. तेथील कृष्णवर्णीय समाज हा सोन्याच्या खाणीत राबण्यासाठीच आणलेल्या आफ्रिकी गुलामांचा वंशज. १९९३च्या कायद्याने त्यांना आपल्या सामूहिक जमिनीवर हक्क मिळाला आणि त्या शतकाच्या अखेरीस 'ओरो व्हेर्दे', म्हणजे हरित सोने, हा उपक्रम तेथे सुरू झाला. पाऱ्याविना, पूर्वापार पद्धतीने नदीची रेती धुऊन सोने काढायचे, खणलेली जमीन पुन्हा रानाच्या हवाली करायची आणि त्याबद्दल अधिक भाव घ्यायचा, अशी त्याची रीत. २००४ साली छोट्या खाणकामगारांसाठी 'अलायन्स फॉर रिस्पॉन्सिबल मायनिंग' ही संस्था निघाली. तिच्या आणि न्याय्य व्यापार संघटनेच्या संयुक्त मानकांचे सोने १४ फेब्रुवारी २०११ रोजी ब्रिटनच्या बाजारात आले. २०१३ साली दोन्ही संस्थांचे मार्ग वेगळे झाले आणि तेव्हापासून 'फेअरट्रेड' व 'फेअरमाइन्ड' असे दोन शिक्के चालतात.

फेअरट्रेडची अट अशी, की खाणकामगारांच्या संघटनेला लंडनच्या बाजारभावाच्या किमान ९५ टक्के भाव मिळाला पाहिजे आणि त्याशिवाय किलोमागे २,००० डॉलर. ही रक्कम शाळा, पाणी, सुरक्षित यंत्रे ह्यांसाठी संघटनेने सभेत ठरवून खर्चावयाची असते. बालमजुरीला बंदी, पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्याचे बंधन, ह्याही अटी आहेत. दहा ग्रॅमच्या तोळ्यामागे हे वीस डॉलर होतात. एका तोळ्याच्या घडणावळीत आपण ह्याच्या कितीतरी पट रक्कम देतो. म्हणजे न्याय परवडत नाही असे नाही; त्याचा हिशेब आजवर कोणी मांडला नाही, इतकेच.

किंबर्लीचा इशारा

हिऱ्यांच्या बाबतीत जगाने जो प्रयत्न केला, त्यातून एक इशाराही मिळतो. सिएरा लिओन, अंगोला ह्या देशांतील यादवी युद्धे हिऱ्यांच्या पैशावर पोसली जात आहेत, हे १९९०च्या दशकात उघड झाले. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथे २००० साली बोलणी सुरू झाली आणि २००३ पासून कच्च्या हिऱ्यांसाठी प्रमाणपत्राची पद्धत अमलात आली. जगातील दहांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात. त्यामुळे भारताचा ह्यात मोठा वाटा आहे.

परंतु ह्या प्रमाणपत्रातील व्याख्या अरुंद आहे. सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांच्या हाती गेलेला हिरा तेवढा 'संघर्षाचा'. २००८ साली झिंबाब्वेच्या मरांगे भागात खुद्द सरकारी लष्कराच्या कारवाईत अनेक खाणकामगार मारले गेले, तरी त्या व्याख्येला बाध आला नाही. २०११ साली तेथील हिऱ्यांची निर्यात मान्य झाल्यानंतर, ह्या चळवळीत आघाडीवर असलेली ग्लोबल विटनेस ही संस्था बाहेर पडली. आपल्या नासक हिऱ्याला ही कसोटी लावून पाहा. तो घेणारे बंडखोर नव्हते, विजयी सत्ता होती. म्हणजे आजच्या नियमानेही तो निर्दोषच ठरला असता. साखरेच्या वाडग्याची उणीव दोनशे वर्षांनी पुन्हा दिसली.

आपल्या पेढीवर

आता आपल्या सराफ बाजाराकडे वळू. न्याय्य सोन्याचा शिक्का भारतात रुजण्यात अडचणी आहेत, त्या लपविण्यात अर्थ नाही. सोने आटले की त्याचा जन्म पुसला जातो. आजीची मोड, आयात केलेली लगड आणि चोरट्या वाटेने आलेले बिस्किट एकाच मुशीत एक होतात. शिवाय प्रमाणपत्राचा खर्च असतो. मोठी पेढी तो सहज सोसते, एका खोलीत काम करणारा सोनार सोसू शकत नाही. १९६३ची पुनरावृत्ती टाळावयाची तर ह्या लहान कारागिराला प्रथम विचारावे लागेल.

तरी एक गोष्ट आपल्या हाती आहे. सराफाच्या पेढीवर सोन्याचा भाव ठरलेला असतो; त्यावर कोणी घासाघीस करीत नाही. हिऱ्याचा भावही फारसा हलत नाही. आपण घासाघीस करतो ती एकाच बाबीवर: घडणावळ. 'मजुरीत सूट', 'मजुरी माफ' अशा जाहिराती सणासुदीला वर्तमानपत्रे भरून येतात आणि आपण त्यांकडे आनंदाने पाहतो. पण मजुरी माफ म्हणजे कोणाची मजुरी? मुंबईच्या झवेरी बाजारात आणि राज्यातील सराफ बाजारांच्या मागल्या गल्ल्यांत पश्चिम बंगालमधून आलेले तरुण दाटीवाटीच्या खोल्यांत भट्टी, तेजाब आणि फुंकणी ह्यांच्या सान्निध्यात राबतात. कोल्हापूरजवळच्या हुपरीत चांदीच्या पैंजणांच्या कड्या घरोघरी स्त्रिया जोडतात आणि त्यांची मजुरी वजनावर ठरते. आपण पेढीवर देतो ती सारी घडणावळ त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पण आपण मिळविलेली सूट मात्र बहुधा तेथपर्यंत झिरपते.

ख्रिस्तसभेने ह्या विषयावर मौन बाळगलेले नाही. तेरावे लिओ ह्यांनी १८९१ साली रास्त वेतनाचा प्रश्न मांडला. सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी २००९च्या परिपत्रकात, खरेदी ही केवळ आर्थिक नव्हे तर नैतिक कृतीही आहे असे स्पष्ट केले. फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली सोन्याच्या खाणींतील पाऱ्याचा आणि रक्तरंजित हिऱ्यांच्या व्यापाराचा नाव घेऊन उल्लेख केला. मुंबईत अंधेरीच्या वस्त्यांमध्ये १९८४ साली सिस्टर इझाबेल मार्टिन ह्यांनी 'क्रिएटिव्ह हँडीक्राफ्ट्स' सुरू केले. तेथील स्त्रियांच्या शिवणकामाला न्याय्य व्यापाराची बाजारपेठ मिळाली. कापडाबाबत जे जमले ते चांदीच्या पैंजणांबाबत का जमू नये?

ह्यासाठी फार मोठ्या गोष्टी करावयास नकोत. दागिन्यावर कोरलेली ओळख तपासण्याची सवय आपण लावून घेतलीच आहे. तिच्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारता येतील. हे सोने कोठून आले? हा दागिना कोणी घडविला, आणि त्याला काय मिळाले? पहिल्या वेळी सराफ हसेल, दुसऱ्या वेळी उत्तर टाळील. पन्नासाव्या गिऱ्हाइकाने तोच प्रश्न विचारला की तो उत्तर शोधू लागेल. शक्य असेल तेथे घरातील जुनी मोड देऊन नवा दागिना घडवावा. तेवढ्यापुरता तरी नवा पारा कोठल्या नदीत जाणार नाही. आणि घडणावळीवर घासाघीस करण्यापूर्वी क्षणभर थांबावे. महिला मंडळांत, विवाहपूर्व शिबिरांत ह्या गोष्टी बोलल्या गेल्या तर त्यांचा उपयोग होईल.

शासनाजवळ प्रत्येक दागिन्याची स्वतंत्र ओळख ठेवण्याची यंत्रणा आज तयार आहे. तिच्यात आणखी एक रकाना घालणे तंत्रज्ञानाला अवघड नाही. तो रकाना अद्याप नाही, कारण तो कोणी मागितलेला नाही. शुद्धतेचा शिक्का आला तो ग्राहकाने आपले नुकसान ओळखले म्हणून. श्रमाचा शिक्का येईल तो ग्राहक दुसऱ्याचे नुकसान ओळखू लागेल तेव्हाच. साखरेच्या बाबतीत लाखो लोकांनी ते ओळखले आणि एका साम्राज्याला आपला कायदा बदलावा लागला. लग्नाच्या दिवशी वेदीसमोर वधूवरांच्या हाती ज्या अंगठ्या दिल्या जातात, त्या जन्मभराच्या विश्वासाची खूण असतात. ज्यांच्या हातांतून त्या आल्या, त्यांच्याशीही विश्वास राखला गेला असेल, तर त्या सोन्याला बावनकशी म्हणावयास कसलीच हरकत नाही.